ठगांचे धनी

जबलपूरच्या उत्तर अंगाला, दमोह नाक्याला लागून, गोहलपुर ही दाट वस्ती आहे. आज तिच्या नावाचं पोलीस ठाणं आहे, आणि शहर तिच्याही पलीकडे पसरलं आहे. दमोह नाक्यावरून निघणारा रस्ता दमोह, सागर करत बुंदेलखंडात शिरतो. दोनशे वर्षांपूर्वी पावसाळा सरला, दसरा झाला, की त्याच मुलखातून माणसांचे लहानलहान गट नर्मदेच्या दिशेने उतरत. कुणी नोकरीच्या शोधात निघालेला शिपाई दिसे, कुणी बैल विकायला निघालेला शेतकरी, तर कुणी यात्रेकरू. वाटेत भेटणाऱ्या प्रवाशाशी ते गोड बोलत, त्याच्यासोबत दोन-तीन मुक्काम करत आणि एखाद्या आमराईत रुमालाने त्याचा गळा आवळत. उन्हाळ्याच्या तोंडावर हीच माणसं गावी परतत आणि चारचौघांसारखी शेती करत.

या ठगांचा निकाल जबलपुरात लागला, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन, फिरंगिया जमादार, आमराईतून उकरून काढलेले सांगाडे, फाशीचे दोर ही सगळी गोष्ट ओळखीची आहे. त्या गोष्टीतलं एक पात्र मात्र सहसा रंगमंचावर येत नाही. ठग मोहिमेवर निघताना त्याच्या घरच्यांना धान्य कोण देई? आणलेला घोडा, मोत्यांची जोडी, जरीचा शेला कोण विकत घेई? ठग पकडला गेला तर ‘हा आमचा प्रामाणिक कुळवाडी’ अशी साक्ष द्यायला कोण उभं राही? स्लीमनच्याच कागदपत्रांत याची उत्तरं जागोजागी पडली आहेत. फाशीच्या यादीत मात्र ती माणसं सापडत नाहीत.

मराठी वाचकाने हे प्रकरण परमुलखातलं समजू नये. चंबळ-यमुनेच्या परिसरात सिंदौस नावाचा परगणा होता. कंपनीच्या हाती जाण्यापूर्वी तो शिंद्यांच्या अमलाखाली होता, आणि तिथे ठगांची वस्ती उघड होती. इतकी उघड की तिच्यावर करच बसवलेला होता. १७९७ सालची एक यादी पुढे स्लीमनच्या दप्तरात आली. तीत तीनशेहून अधिक ठग घरांची नोंद आहे आणि घरटी सुमारे चोवीस रुपये आकार आहे. साध्या शेतकऱ्याच्या घरपट्टीपेक्षा ही रक्कम कितीतरी जड. सरकारला धंदा ठाऊक होता, धंद्याची मिळकत ठाऊक होती, आणि त्या मिळकतीतला आपला वाटा वसूल करण्याची रीतही बसलेली होती. दौलतराव शिंद्यांनी हा कर जातीने बसवला असेल असं नाही. पुण्याच्या राजकारणात गुंतलेल्या त्या तरुण सरदाराला सिंदौस कुठे आहे हेही कदाचित माहीत नसेल. पण वसुली करणाऱ्या अंमलदाराला सगळं माहीत होतं. राज्य कुणाचंही असो, दलदल कुठे आहे ते तळाच्या कारकुनालाच पक्कं ठाऊक असतं.

१८१२ साली कंपनीचा मॅजिस्ट्रेट नॅथॅनिएल हॅल्हेड सिंदौसला फौज घेऊन गेला. तिथल्या चकमकीत लेफ्टनंट मॉन्सेल मारला गेला. गोऱ्या अंमलदाराचं रक्त सांडल्यावर मात्र कंपनीचा संताप अनावर झाला. मुरनई गाव जाळलं गेलं, ठगांची घरं पांगली. परगण्याचा जमीनदार लालजी हा त्यांचा आश्रयदाता होता, तो सीमा ओलांडून मराठ्यांच्या मुलखात निघून गेला. पांगलेल्या ठगांनीही तेच केलं. झाशी, जालौन, ग्वाल्हेर, बुंदेलखंडातली लहानमोठी संस्थानं, जिथे एखादा ठाकूर ठेवून घेईल तिथे ते वसले. नवा धनी, नवा हिस्सा, धंदा तोच.

या हिश्शाची रीत साधी होती. मोहिमेच्या आधी जमीनदार किंवा गावचा सावकार ठगांना खर्चापुरते पैसे देई. परतल्यावर ते भरघोस व्याजासह परत मिळत, शिवाय लुटीतली उत्तम चीज नजराणा म्हणून पहिल्यांदा त्याच्यापुढे ठेवली जाई. तलवार, घोडा, दागिना, जे आवडेल ते तो निवडे. मोबदल्यात त्याने फक्त तीन गोष्टी करायच्या: ठगाला कूळ म्हणून गावात ठेवायचं, शेजारच्या अंमलदाराशी संबंध राखायचे, आणि वेळ आली की जामीन राहायचं. तळं राखी तो पाणी चाखी ही म्हण मराठीत आहेच. इथे राखणदाराला पाण्याजवळ जावंही लागत नव्हतं, घागर घरपोच येत होती.

जामिनाचा मुद्दा महत्त्वाचा, कारण कंपनीची न्यायव्यवस्था त्याच खिंडीत अडकत होती. १८२० च्या दशकापर्यंत ठग पकडले जात नव्हते असं नाही, पकडले जात आणि सुटत. मेलेला प्रवासी शे-दोनशे कोसांवरचा. त्याचे नातेवाईक फिर्याद घेऊन येणार कुठून? आले तरी महिनोन्‌महिने कचेरीच्या दारात बसून राहण्याची ऐपत किती जणांची? साक्षीदार म्हणावा तर तोही ठगच. याच्या उलट पारड्यात गावचा ठाकूर, पाटील, प्रतिष्ठित लोक, आणि सगळे शपथेवर सांगणारे की हा माणूस वर्षानुवर्षं आमच्या गावात नांगर धरतो. यातलं शेवटचं वाक्य खोटंही नव्हतं. न्यायाधीशाने काय करावं? तो सोडून देई. संस्थानी मुलखात तर एवढाही व्याप नव्हता. तिथल्या कोतवालाचे हात ओले केले की दार उघडे.

आता अमरावतीच्या धनराज शेठांकडे यावं लागतं.

मराठेशाही संपली तरी वऱ्हाड, खानदेश आणि माळवा यांच्यातला पैशाचा ओघ थांबला नव्हता. माळव्यातल्या अफूला मुंबईत मोठा भाव होता आणि तिच्या खरेदीसाठी रोकड इंदूरकडे जात असे. हुंडीचा भाव परवडेनासा झाला की सावकार सरळ सोनं, मोहरा, रुपये माणसांबरोबर पाठवत. फाटक्या कपड्यांतले, भिकारी किंवा बैरागी वाटणारे हे वाहक मालेगाव, धुळे, बऱ्हाणपूर या बाजूंनी नर्मदेच्या घाटांकडे जात. लुटारूच्या नजरेत भरू नये म्हणून हा वेश. पण ठगांची नजर चालण्याच्या ढबीवरूनही ओळखे की या चिंध्यांखाली वजन आहे. १८२६ ते १८२९ या काळात खानदेशात आणि नर्मदेकाठी अशा वाहकांच्या तुकड्याच्या तुकड्या नाहीशा झाल्या. त्यांच्याबरोबर हजारो रुपये गेले, आणि त्यात अमरावतीच्या धनराज शेठ या मोठ्या पेढीचा पैसा होता.

शेठजींनी फिर्याद केली असेल, पण त्यांचा भरवसा फिर्यादीवर नव्हता. त्यांनी आपला गुमास्ता बिहारीलाल याला बुंदेलखंडात पाठवलं. काम एकच, पैसा परत आणणं. गुमास्ता हुशार निघाला. पैसा कुणी नेला, हे त्याने बाजारातून आणि दरबारातून शोधून काढलं. मोठ्या पेढीचा माणूस म्हणून संस्थानी अंमलदार त्याचं ऐकत. इंग्रज अधिकाऱ्यांकडूनही त्याला मदतीची पत्रं मिळत, कारण लुबाडल्या गेलेल्या सावकाराला नाही कसं म्हणायचं? त्याने ठग जमादारांना धरवलं आणि कैदेत टाकवलं. मग सौदा सुरू झाला: गेलेला पैसा फेडा आणि सुटा.

ठगाकडे पैसा कुठला? तो वाटला गेलेला, नजराण्यात गेलेला, खाऊन संपलेला. फेडायचा तर नवी मोहीम काढायला हवी. म्हणजे एका सावकाराचं नुकसान भरून काढायला दुसऱ्या कुणाचा तरी गळा. गुमास्त्याला हे कळत नव्हतं असं मानणं कठीण आहे. स्लीमनने तर पुढे स्पष्ट लिहून ठेवलं की हा माणूस मध्य हिंदुस्थानातल्या ठगांचा मोठा आधार होऊन बसला. कैदेतला कोण सुटावा, कुणाला हात लागू नये, हे त्याच्या शब्दावर ठरू लागलं, आणि सुटलेल्यांच्या कमाईत त्याचा वाटा पडू लागला. ज्या पेढीची माणसं ठगांनी मारली, तिचाच प्रतिनिधी ठगांचा पाठीराखा झाला. मेलेल्या वाहकांच्या बायकापोरांचं काय झालं, याची नोंद कुठल्या दप्तरात आहे? पैशाचे आकडे आहेत, माणसांचं फक्त मोजमाप आहे: अमुक ठिकाणी इतके मारले.

हे सगळं वाचताना मराठी मनाला एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांच्या तोंडावर दोष ठेवला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. पुढचा भाग अभिमानाचा नाही. मुहम्मद युसुफसारखे तलवार चालवणारे गारदी हुडकून मारले गेले. राघोबादादांना मात्र इंग्रजांचा आश्रय मिळाला, त्यांच्यापायी एक युद्ध झालं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक बांधून मिळाली. दुसऱ्याच वर्षी कोपरगावी त्यांचं निधन झालं, ते आजाराने.

जबलपूरही इंग्रज येईपर्यंत मराठ्यांचंच होतं. आधी सागरच्या मराठ्यांचं, मग नागपूरकर भोसल्यांचं. १९ डिसेंबर १८१७ ला भोसल्यांच्या फौजेचा इथे पराभव झाला आणि ‘सागर व नर्मदा प्रदेश’ या नावाचा नवा कारभार उभा राहिला. हा प्रदेश बंगालच्या नेहमीच्या कायदेकानूंच्या बाहेर होता. पुढच्या गोष्टीत ही किरकोळ वाटणारी बाब फार कामाची ठरली.

स्लीमन १८२२ पासून दोन वर्षं नरसिंहपूरला होता. आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती आणि जवळच्या आमराईत त्यांची पुरण्याची जागा होती, हे त्याला तेव्हा कळलंही नाही. याची कबुली त्याने स्वतःच नंतर दिली, आणि ती त्याला शोभून दिसते. जबलपूरला आल्यावर त्याने मार्ग बदलला. गावच्या प्रतिष्ठितांना विचारून उपयोग नाही हे त्याने ओळखलं आणि सरळ ठगालाच बोलतं केलं. १८३० च्या अखेरीस फिरंगिया हाती लागला. त्याआधी त्याची आई, बायको आणि मूल ताब्यात घेऊन ठेवलं होतं, त्यांना सोडून तो लांब जाऊ शकला नाही. सलोहदा इथल्या मुक्कामावर त्याने दाखवलेल्या जागा खणल्या आणि प्रेतं निघत गेली. स्लीमन आपल्या पत्नीसह त्याच आमराईत तंबू ठोकून राहिला होता.

त्यानंतर यंत्र फिरू लागलं. माफीचा साक्षीदार दुसऱ्याचं नाव घेई, तो तिसऱ्याचं. वंशावळी लिहिल्या गेल्या, नकाशे आखले गेले, कोण कुठल्या मोहिमेत होता याचे तक्ते बनले. गव्हर्नर जनरलचा प्रतिनिधी फ्रान्सिस कर्वेन स्मिथ जबलपुरात आणि सागरला खटले चालवी. आरोपीला वकील नसे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर एखादा खून सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. कधीही, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, ठगांच्या टोळीत असणं एवढंच सिद्ध झालं की जन्मठेप. पुढच्या वर्षीच्या दोन कायद्यांनी कुठल्याही जिल्ह्यात खटला चालवण्याची सोय केली आणि शिक्षा झालेल्या माणसाची साक्षही ग्राह्य ठरवली. इतिहासकार राधिका सिंघा यांनी या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास केला आहे. गुन्हा सिद्ध करण्याऐवजी गुन्हेगाराची जातकुळी सिद्ध करण्याकडे कायदा इथेच झुकला, हे त्यांच्या लेखनातून ठसठशीत दिसतं. त्या वेळीही हे कुणाला खटकलं नाही असं नाही. ग्वाल्हेरचा रेसिडेंट कॅव्हेंडिश याने स्लीमनच्या माणसांच्या धरपकडीला विरोध केला होता, निरपराध माणसं अडकतील म्हणून.

१८२६ ते १८३५ या काळात १,५६२ जणांवर खटले चालले, ३८२ जणांना फाशी झाली आणि नऊशेहून अधिक काळ्या पाण्यावर गेले. या यादीत कोण भेटतं? जमादार आहेत, गोड बोलून माणूस गळाला लावणारे सोठा आहेत, रुमाल टाकणारे भुर्तोट आहेत, खड्डे खणणारे लुघा आहेत. सोबतीला म्हणून पहिल्यांदाच गेलेली पोरं आहेत. मोहिमेला भांडवल देणारे ठाकूर या यादीत शोधावे लागतात. लुटीचा माल घेणारे सराफ शोधावे लागतात. मिर्झापूरजवळच्या विंध्याचलच्या देवळात ठग नवस फेडत आणि तिथल्या पुजाऱ्यांना लुटीतला वाटा पोचतो, असा जाहीर आरोप स्लीमनने ऑक्टोबर १८३० मध्ये कलकत्त्याच्या एका वृत्तपत्रात निनावी पत्र लिहून केला. देऊळ तिथेच राहिलं, पुजारीही.

यात स्लीमनचं कपट शोधायचं कारण नाही. आश्रयदाते खरे मुळाशी आहेत, हे त्याने वारंवार लिहिलं. पण ज्या जमीनदारांच्या जोरावर सारावसुली चालते त्यांना कंपनी किती डिवचणार? आणि संस्थानिकाच्या दरबाऱ्याला तर तिचा कायदा लागूच नव्हता. शिवाय पुराव्याचा प्रश्न होताच. ठगाची साक्ष ठगाविरुद्ध सहज मानली गेली. ठगाची साक्ष ठाकुराविरुद्ध मानायची म्हणजे सगळाच डाव उलटतो. गरीब आरोपीकडे सुटण्यासाठी विकण्यासारखी एकच वस्तू होती, त्याच्या साथीदारांची नावं. ती विकून तो फाशीपासून वाचे. श्रीमंताला काहीच विकावं लागत नव्हतं, कारण त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

माफीचे साक्षीदारही खऱ्या अर्थाने सुटले नाहीत. त्यांना जबलपुरातच ठेवलं, बायकापोरांसह. १८३७ मध्ये त्यांच्यासाठी एक उद्योगशाळा निघाली. तिथे गळा आवळण्याऐवजी दोर वळायचा, गालिचे विणायचे, तंबू शिवायचे. जबलपूरचे तंबू आणि गालिचे नावाजले गेले, युरोपीय पाहुणे मुद्दाम ते बघायला येत आणि म्हाताऱ्या ठगांना रुमाल कसा टाकायचा हे करून दाखवायला सांगत. १८३९ साली फिलिप मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनमध्ये गाजली, तेव्हापासून या पाहुण्यांना भीतीचीही चटक लागली होती. त्या शाळेत वाढलेल्या मुलांनी कुणाचा गळा आवळला नव्हता. पण ती ठगांची मुलं होती, आणि एवढं पुरेसं होतं.

जबलपुरात रुजलेली ही विचाराची पद्धत पुढे दूरवर गेली. १८४३ मध्ये तिचा विस्तार दरोडेखोरांपर्यंत झाला. १८७१ च्या सत्ताविसाव्या कायद्याने तर संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरल्या. महाराष्ट्रात पारधी, कैकाडी, उचल्या यांच्या वाट्याला काटेरी तारांच्या सेटलमेंटी आल्या. सोलापुरातली सेटलमेंट अजून लोकांच्या तोंडी आहे. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, तेव्हा मराठी मध्यमवर्गाला पहिल्यांदा आतून कळलं की चोरीचा माल चोराकडे फार वेळ राहत नाही. तो पोलिसाकडे जातो, सोनाराकडे जातो, गावच्या पुढाऱ्याकडे जातो. मार खायला मात्र पुन्हा चोरच.

जबलपुरात आज जे उच्च न्यायालय आहे, त्याची देखणी इमारत १८९९ साली राजा गोकुलदास या शहरातल्या बड्या सावकाराने बांधून दिली. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश राज्य झालं आणि ते तिथे आलं. याच न्यायालयाच्या देखरेखीखाली व्यापमं भरती घोटाळ्याचा तपास चालू होता. वैद्यकीय प्रवेशापासून पोलीस आणि वनरक्षक भरतीपर्यंत जागा विकल्या गेल्याचा तो आरोप. पकडलेल्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांत मोठा भरणा विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्यासाठी पैसे मोजणाऱ्या पालकांचा होता, आणि त्यांतल्या कितीकांनी महिनोन्‌महिने तुरुंगात काढले. सगळे बडे सुटले असं म्हणणं मात्र अन्याय होईल: माजी मंत्री लक्ष्मीकांत शर्मा २०१४ मध्ये अटकेत गेले आणि दीड वर्ष आत राहिले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये वनरक्षक भरतीच्या प्रकरणात राज्यपाल रामनरेश यादव यांच्यावरच गुन्हा नोंदवला गेला. ते उच्च न्यायालयात गेले. संविधानाच्या ३६१ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कारवाई करता येत नाही. मे महिन्यात न्यायालयाने त्यांच्यापुरता गुन्हा रद्द केला आणि इतर आरोपींविरुद्धचा तपास चालू ठेवायला सांगितलं. कायद्याच्या दृष्टीने निकालात वावगं काही नव्हतं, अनुच्छेद तसाच लिहिलेला आहे. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण तपास सीबीआयकडे दिला. यादव यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये राज्यपालपदाची मुदत पूर्ण केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचं निधन झालं. वनरक्षक भरतीतले उमेदवार आणि दलाल यांचे खटले त्यानंतरही चालूच राहिले.